चार काळे चिंचोके

माझ्या धाकट्या जावेला डावात अष्टा पडला, की सासूबाई पुढे झुकून तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायच्या आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायच्या. "माही बाई वं! दृष्ट लागन कोनाची!" असं वर म्हणायच्या. मला अष्टा पडला, की म्हणायच्या, "हं. चाल."

या "हं, चाल"नं माझी बरीच वर्षं नासवली. मी गंमत म्हणून सांगत नाही. सत्तरच्या आसपासचा काळ होता. नागपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत होते, चार लोकांत मान होता, नवरा शांत स्वभावाचा होता. आणि एवढं सगळं असून रविवारी दुपारी चिंचोक्यांच्या खेळात सासूनं एकदा माझ्यावरून बोटं मोडावीत, यासाठी मी आतल्या आत जळत होते. त्या धाकटीवरून बोटं मोडायच्या आणि मी धाकटीच्या नावानं.

आमचं घर सक्करदऱ्याला. शेत हुडकेश्वरकडे, तेव्हा तिकडे नुसती शेतंच होती. दीर सकाळी सायकलला डबा अडकवून जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेले. घरात राज्य सासूबाईंचं, पण ते राज्य त्या करत नसत, बसल्या जागी आपोआप व्हायचं. धाकटी कुहीकडची, धानाच्या गावातली. दारातून आत येतानाच तिचं हसू आधी घरात शिरायचं. सासूबाईंना ती "माय" म्हणायची आणि तिथेच न थांबता "तू" म्हणायची. मी "आई" म्हणायचे, आणि "तुम्ही".

माझं माहेर नागपूरच्याच महाल भागातलं. भोसल्यांच्या अमदानीत कधी तरी आलेलं घराणं, पुढे सगळे लेखणीवर जगणारे. आमच्याकडे मोठ्यानं हसलं तर आत्या वर न बघता "काय झालं?" असं विचारायची. माझी आई मी फ्रॉक घालत होते तेव्हाच गेली. वडिलांनी आणि आत्यानं मला वाढवलं, चांगलं वाढवलं. पाढे, अक्षर, वेळेवर उठणं, सगळं शिकवलं. पण माझ्या तोंडावरून हात फिरवून कुणी कधी बोटं मोडली नाहीत. ती काही मागून घ्यायची गोष्ट नव्हे, आणि न मिळालेल्या गोष्टीची चव आपल्याला ठाऊक नसते. सासरी आल्यावर ती माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, दुसरीला वाढली जाऊ लागली.

खेळ सांगते, म्हणजे माझी आग कळेल. ओसरीच्या फरशीवर पाच बाय पाचच्या घरांचा पट कोरलेला होता. सोंगट्या म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे, धाकटीच्या लाल, माझ्या हिरव्या. फाशांच्या जागी चार चिंचोके. चिंचोका फरशीवर एका अंगानं घासत राहायचा, अर्धा झिजला की एक बाजू सपाट पांढरी आणि दुसरी गोल, काळपट. हे चार मुठीत खुळखुळवून टाकायचे. एक पांढरा वर आला तर एक घर, दोन आले तर दोन, तीन आले तर तीन. चारही पांढरे आले तर चंग, म्हणजे चार. आणि चारही काळे पडले, एकही पांढरा दिसला नाही, तर अष्टा. आठ घरं, शिवाय पुन्हा टाकायला मिळतं.

मला हा हिशेब पहिल्यापासून मोठा मजेदार वाटे. वर्गात मी लाकडी फासे घेऊन जायचे. एक फासा टाकला की एक ते सहा सगळे सारखे हक्काचे. दोन टाकून बेरीज घेतली की सात मधोमध ऐटीत बसतो, आणि दोन अन् बारा दोन टोकांना क्वचित कधी तरी दिसतात. फळ्यावर मी त्याचा डोंगर काढून दाखवायचे. चिंचोक्यांचा डोंगर मात्र विचित्रच. चार चिंचोके कसे पडतील याच्या सोळा शक्यता, त्यांतल्या चौदा एक, दोन आणि तीन यांच्यातच संपतात. उरल्या दोन. त्यांतली एक चंगाची, एक अष्ट्याची. पाच, सहा, सात हे आकडे या खेळात जन्मालाच आलेले नाहीत. चारवरून उडी थेट आठावर. सरासरी काढली तर येते अडीच, आणि अडीच आजवर कुणालाही पडलेले नाहीत. आणि सगळ्यात नवल म्हणजे, एकही पांढरा न येणं म्हणजे खरं तर शून्य. त्या शून्यालाच कुण्या बाईनं सगळ्यात मोठं बक्षीस ठेवलं. ती बाई कोण होती कळायला मार्ग नाही, पण तिला भेटायला मला आवडलं असतं.

वर्गात मी आणखी एक खेळ करायचे. पुठ्ठ्याचे तीन फासे मी स्वतः चिकटवले होते, त्यांच्यावर आकडे नेहमीसारखे नव्हते. पहिला फासा दुसऱ्याला बहुतेक वेळा हरवायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा उलट फिरून पहिल्याला. मुली चक्रावून जायच्या. सगळ्यांत भारी कोण, असा प्रश्नच तिथे उरत नसे. मी म्हणायचे, जगात असंही असतं, प्रत्येकाला हरवणारं कुणी ना कुणी असतं. आणि सायकल रिक्षातून घरी येताना मनात म्हणायचे, आमच्या घरात नसतं. आमच्या घरात धाकटी सगळ्यांना हरवते आणि तिला हरवणारं कुणीच नाही.

तिला अष्टा पडला की पाहण्यासारखं असे. "अष्टाऽऽ! माय, अष्टा वं!" करून ती बसल्या जागी उडायची. पदर पडायचा, बांगड्या वाजायच्या, शेजारची मांजर ओसरीवरून पळून जायची. मग सासूबाईंच्या मांडीपर्यंत डोकं नेऊन ती थांबायची. त्या हात फिरवणार, बोटं मोडणार. दहाच्या दहा वाजली की दोघी हसणार. मी तोवर माझी सोंगटी नीट चौकटीच्या मधोमध सरकवून ठेवायचे. मला स्वतःला पडला तर मी मुकाट्यानं घरं मोजू लागायचे. सोळांत एकदा पडणारी गोष्ट ती, कधी तरी पडणारच. त्यात आरडाओरडा कसला करायचा?

पण धाकटीला सोळांत एकदा पडत नव्हता. माझी खात्री होती, तिला फार जास्त पडत होता. एका श्रावणात मी ओच्यात तुरीचे दाणे घेऊन बसायला लागले. तिनं चिंचोके टाकले की एक दाणा डाव्या मांडीकडे. अष्टा पडला तर एक दाणा उजवीकडे. तुरी निवडतेय असं दाखवायचं. श्रावण संपला तेव्हा माझ्याजवळ पुरावा होता. सोळांत एक नव्हे, आठांत एकाच्या जवळपास तिला अष्टा पडत होता. दुप्पट! त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मग मी ते जुने चिंचोके एकेक करून तपासले. घरात कुणी नसताना फरशीवर प्रत्येक वेगळा टाकून पाहिला. प्रत्येकजण काळ्या अंगाला जरा जास्त पडत होता. फार नाही, दहा वेळा टाकला तर सहा वेळा काळा वर. कुणाच्या नजरेत यायचं नाही एवढंच. पण चारही असे तिरपे असले की चौघांचा मिळून गुणाकार होतो आणि अष्टा दुपटीच्या वर जातो. लबाडी चिंचोक्यांत होती. मला गाणं म्हणावंसं वाटलं.

रविवारी पट मांडला तेव्हा मी घसा साफ करून सांगितलं, "हे चिंचोके बरोबर नाहीत. काळ्या बाजूला कलतात. म्हणून हिला इतके अष्टे पडतात."

नवरा पेपर वाचत होता. दीर पायातले काटे काढत होते. धाकटी डोळे मोठे करून माझ्याकडे पाहायला लागली. सासूबाई पान लावत होत्या. त्यांनी चुना बोटावर घेतला आणि विचारलं, "मंग तुले कोनते चिंचोके देतो आम्ही?"

मला आधी समजलंच नाही.

"अवं, तेच चार तिच्या हातात अन् तेच चार तुह्या हातात. कलत असन तं दोघींले कलन. काहून वं, कॉलेजात हेच शिकवते का?"

दीरांना हसू फुटलं. नवऱ्यानं पेपर तोंडापुढे धरला, पण पेपर हलत होता. धाकटी हसली नाही, उलट मला पाणी आणून दिलं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. पहिल्या वर्षाची पोरगी करणार नाही अशी चूक मी केली होती. सगळा श्रावणभर मी फक्त तिचे दाणे मोजले. माझ्या हातून पडलेले अष्टे मी एकदाही मोजले नव्हते. मला ते दिसलेच नव्हते, कारण त्यांच्यामागे कुणाची बोटं वाजली नव्हती.

कुणी म्हणेल, इथे तरी माझं डोकं थंड व्हायला हवं होतं. ते आणखी तापलं. चिंचोके दोघींना सारखे, अष्टे दोघींना सारखे, मग कलतंय ते काय? उत्तर माझ्यासमोर पान चघळत बसलं होतं, पण ते मोजायचं कसं, हे माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत सासूबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरत आले. पटावर काय पडलं ते त्यांना दिसेना, पण त्या खेळायला बसायच्या. "किती पडले वं?" विचारायच्या. धाकटी ओरडून सांगायची, मी नेमकं सांगायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, थंडीत ऑपरेशन करून टाकू, दोन्ही डोळ्यांवर काही दिवस पट्टी राहील, दवाखान्यात सोबत एकच बाईमाणूस हवं, आणि तेच सगळे दिवस हवं, रोज वेगळं नको.

धाकटी म्हणाली, "मी राहीन मायजवळ."

मी म्हटलं, "मी राहणार."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला कॉलेज होतं, रजा मिळवावी लागणार होती, आणि रात्रंदिवस आजाऱ्याजवळ बसणं हे काही माझं काम म्हणून घरात ओळखलं जात नव्हतं. पण मला नीट दिसत होतं काय होणार ते. पट्टी बांधलेल्या दिवसांत धाकटी त्यांना घास भरवणार, हात धरून नेणार, हसवणार. पट्टी सुटली की पहिलं तोंड त्यांना हिचं दिसणार. मग मी जन्मभर "हं, चाल"वर राहिले असते. कॉलेजला रजेचा अर्ज तर मी आधीच देऊन ठेवला होता.

आमच्या घरात एक रीत होती. दोघींचं एकाच गोष्टीवर अडलं की सासूबाई निवाडा करत नसत. पट मांडायला लावत. जी आधी सगळ्या सोंगट्या मधल्या घरात नेईल तिचं खरं. "मी एकीचं केलं का दुसरी रुसन," त्या म्हणायच्या. "चिंचोक्यावर कोन रुसते?" पोळ्याच्या करंज्या कुणी तळायच्या, माहेरी आधी कुणी जायचं, नव्या पातळांतलं मोरपंखी कुणी घ्यायचं, सगळं असंच ठरलेलं. आजवर मी जिंकलेही होते आणि हरलेही होते, त्याचं मला काही नव्हतं. या वेळी होतं.

"नवे चिंचोके घेऊ," मी म्हटलं. "मी घासते."

"घास बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या मनाचं होऊ दे."

तो अख्खा रविवार मी न्हाणीच्या दगडावर चिंचोके घासले. थोडा घासायचा, टाकून टाकून पाहायचा, काळा जास्त येतोय की पांढरा ते बघायचं, पुन्हा जरासा घासायचा. दोन्ही बाजू बरोबरीनं येऊ लागल्या की बाजूला ठेवायचा. घासलेला चिंचोका चांगला तापतो. लग्न होऊन आली त्या वर्षी धाकटीनं तसला एक मागून येऊन माझ्या दंडाला लावला होता आणि मी ओरडल्यावर पोट धरून हसली होती. आता हातात तापलेला चिंचोका घेऊन मी अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या तिच्या दंडाकडे पाहत होते. तेवढ्यात नवरा आला.

"हे कॉलेजसाठी चाललंय का?" त्यानं विचारलं.

"घरच्या न्यायासाठी," मी म्हटलं.

तो हातपाय धुऊन आत गेला.

डाव संध्याकाळी मांडला. माझे चिंचोके अगदी सरळ होते, मी पैज लावायला तयार होते. नियमाप्रमाणे अष्टे आता निम्म्यावर आले. एक, दोन, तीन, दोन, दोन, एक, असा रडतखडत खेळ चालला. सासूबाई मधेच म्हणाल्या, "काय आयणी चिंचोके घासले वं, जीवच नाही यायच्यात." माझ्या चिंचोक्यांना आळणी म्हटलेलं मला लागलं. पण धाकटीची सोंगटी माझ्या हातानं दोनदा मारली गेली, तिला पुन्हा पहिल्यापासून यावं लागलं, आणि शेवटी तीन हवे असताना मला तीन पडले. मी जिंकले.

मी मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केले. त्या हातांनी चाचपत धाकटीचं डोकं शोधलं, तिच्या तोंडावरून फिरले, आणि कडाकडा बोटं मोडली. "हारली माही बाई," त्या म्हणाल्या. "हारली वं."

हरल्यावरसुद्धा! मी तिथून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक अशी मळली की ती पोळीच्या कामाची राहिली नाही. धाकटी मागोमाग आली. "जाऊबाई," ती म्हणाली, "तुमाले राह्यचं होतं तं नुसतं सांगाचं होतं न. मी कधी नाही म्हटलं असतं? मी कुहीले जाऊन येतो तेवढ्यात. धान निघालं, माय वाट पाहून राहिली असन." तिच्या बोलण्यात लबाडी शोधायचा मी मनापासून प्रयत्न केला. नव्हती. तिला आई एक सोडून दोन होत्या, एकीकडून दुसरीकडे जायचं एवढाच तिचा प्रश्न होता.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. पहिले काही दिवस मान हलवायची नाही, हसायचं नाही, खोकायचं नाही. खोली लहान होती, खिडकीतून ऊन पलंगाच्या पायथ्याशी यायचं. मी त्यांना पेज भरवली, संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून, तोंडात दिल्या. पाठ पुसली, वेणी घातली. त्या "बरं" म्हणायच्या, "ठेव" म्हणायच्या, "झालं?" विचारायच्या. माझ्या हातून काही चुकत नव्हतं. आणि रोज एकदा तरी विचारायच्या, "धाकटी पोचली असन न वं कुहीले?" पोचून तिला कितीतरी दिवस झाले होते.

बसायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्या म्हणाल्या, "पट मांड." मी पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं घरं आखली, स्टूल पलंगाला लावलं. "माहे जुने चिंचोके आणले का? ते तुहे मेलेले नको." जुने मी आणले होते. धाकटीच्या सोंगट्याही. सासूबाई लाल घेऊन बसल्या. त्यांच्या वाटणीचे चिंचोके त्या स्वतः टाकायच्या, पडलेलं मी वाचून सांगायचे, आणि कुठली सोंगटी न्यायची ते त्या आठवणीनं सांगायच्या. पट त्यांच्या डोक्यात माझ्यापेक्षा पक्का होता.

त्या दुपारी मला अष्टा पडला. चारही काळे, पुठ्ठ्यावर एका जागी. खोलीत आम्ही दोघीच. मांजर नाही, दीर नाहीत, धाकटी दहा कोसांवर धान पाखडत असेल. मी म्हटलं, "आठ."

"हं," त्या म्हणाल्या. "चाल."

मी चालले. इतके दिवस मी धाकटीला दोष देत होते, ती मधे आहे म्हणून माझ्या वाट्याला येत नाही असं धरून चालले होते. आता ती मधे नव्हती. चिंचोके तेच, अष्टा तोच, हात फिरवायला मोकळे. तरी काही नाही. म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच. त्या रात्री बाकावर पडल्या पडल्या मी त्यांच्या उशाला ठेवलेल्या लाल बांगड्यांच्या तुकड्यांकडे बघत होते आणि ते खिडकीतून फेकून द्यावेत असं मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पट. त्या मागे उशीला टेकलेल्या, पट्टीखालचं तोंड शांत. मी चिंचोके टाकले. दोन पडले. दोन पांढरे, दोन काळे, सगळ्यात जास्त वेळा पडणारं, सगळ्यात फुकट.

"किती वं?"

मला काय झालं मला माहीत नाही. "अष्टाऽऽ!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं, की बाहेरच्या व्हरांड्यात कुणी तरी थांबलं. "अष्टा, आई, अष्टा!" आणि स्टूलवरून पुढे होऊन, धाकटी करायची तसंच, मी माझं डोकं त्यांच्या मांडीपर्यंत नेलं.

त्यांचे हात आधी हवेत थांबले. मग खाली आले, माझ्या केसांवर, कपाळावर, गालांवरून, हनुवटीपर्यंत. तळहात खरखरीत होते, त्यांना पानाचा आणि दवाखान्याच्या औषधाचा वास होता. मग त्यांनी ते आपल्या कानशिलांशी नेले आणि बोटं मोडली. कडाकडा. मी मोजली नाहीत. मी, जिनं तुरीचे दाणे मोजले होते, ती मोजायचं विसरले.

"दोनच पडले न?" त्या म्हणाल्या.

मी डोकं वर केलं. पट्टी जागच्या जागी होती. "तुम्हाला कसं कळलं?"

"खरा पडला का तू 'आठ' म्हणते. भाजीवाल्याले भाव सांगितल्यावानी. अन् दोन तं उठता-बसता पडते." त्या हसू नये म्हणून ओठ दाबून बसल्या होत्या, हसायला डॉक्टरांची मनाई होती. "इतकी वर्षं झाली तुले या घरात. कितीकदा अष्टा पडला असन. एकदा तरी वरडली का? डोकं खाली घालून घरं मोजत बसते. मी हात कोठी फिरवू, पटावर?"

मी विचारलं, "मग आत्ता बोटं का मोडलीत? खोटं आहे माहीत असून?"

"तू डोकं समोर केलं न वं," त्या म्हणाल्या, आणि चाचपडत चिंचोके गोळा करू लागल्या. "चाल आता. अन् दोनच घरं चालजो, आठ नको."

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की धाकटीला हे इतकी वर्षं, दर रविवारी, नुसतं ओरडून मिळत होतं. मग मी दोन घरं चालले.